साळुंकीच्या यादीतली शेवटची खोली

मुंग्या पाहुण्यांकडून भाडं घेत नव्हत्या, त्या काळची गोष्ट. एका वारुळाच्या दारात साळुंकी बसायची आणि विचारेल त्याला खोल्यांची यादी घडाघडा म्हणून दाखवायची. मुंग्या कामापुरत्या कच्च्या खोल्या खणायच्या, काम संपलं की बुजवायच्या. साळुंकी त्याही सांगायची, कारण ती फार हुशार होती, तुमच्यासारखीच.

एकदा खारूताईने पावसाळ्यासाठी जमवलेल्या भुईमुगाच्या सगळ्या शेंगा यादीतल्या शेवटच्या खोलीत ठेवल्या. दुपारी येऊन बघते, तर खोलीच नाही.

“साळुंके, माझ्या शेंगा कुठायत?”

“मातीखाली. खोली कच्ची होती, बुजवली.”

“मग मला सांगितलीस कशाला, भवाने?”

“होती म्हणून सांगितली. मी खोटं बोलत नाही.”

आरडाओरडा ऐकून राणीमुंगी बाहेर आली. “अगं बाई, पाहुण्यांना घर दाखवताना खरकट्याची बादलीही दाखवतेस का? कच्च्या खोल्या कुणी मुद्दाम विचारल्या तरच सांग.”

साळुंकी सुधारली, जरा जास्तच. महिन्याभराने वारुळावर भुईमुगाचे हिरवेगार वेल पसरले. खारूताई नाचत आली. “साळुंके, हे माझेच ना गं?”

साळुंकी वेलातच बसली होती. तिने डोळे मिटले.

“कुठले वेल? यादीत नाहीत.”