दिवाणसाहेबांचा अर्क

महाराजांची मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत भर चौकात बंद पडली. वर्षात तिसऱ्यांदा!

"ड्रायव्हर नालायक!" दिवाण रंगराव गरजले.

"पेट्रोल नालायक आहे, सरकार," ड्रायव्हर तुळाजी म्हणाला. "दिवाणसाहेबांच्या भट्टीतली दारू त्यात फार पडते. रबरी नळ्या गळायला लागल्यात."

"दारू नव्हे, अर्क! उसाचा अर्क!" दिवाणांचा हा लाडका शब्द. "दहा भागांत दोन, थेंबभर जास्त नाही. पुढच्या महिन्यापासून संस्थानातल्या सगळ्या पंपांवर हेच मिळणार. जास्त वाटतो? मग पेट्रोलमधून अर्क वेगळा काढून दाखव! उद्या दुपारपर्यंत. नाहीतर नोकरी सोड!"

दुसऱ्या दिवशी तुळाजी दरबारात आला. मागे त्याची बायको कौतिका, वैशाखात लग्न झालेली. हातात काचेची उभट बरणी आणि पाण्याचा तांब्या.

"ही काय लोणचं घालणार?" दिवाण हसले. दरबारी आधी दिवाणांचं तोंड बघून मग हसले.

कौतिकाने तुळाजीने राजवाड्याच्या पंपावरून आणलेलं पेट्रोल बरणीत ओतलं. मोजून दहा बोटं. वर दोन बोटं पाणी घातलं.

"पेट्रोलमध्ये पाणी? धन्य आहे!"

"दिवाणसाहेब, संध्याकाळच्या बैठकीत आपल्यालाही तांब्या लागतोच की! अर्काला पाण्याची भारी ओढ. पाणी दिसलं की तो पेट्रोलची संगत सोडतो."

तिने झाकण लावून बरणी हलवली आणि खाली ठेवली. वर पेट्रोल, खाली पाणी, मधे स्वच्छ रेघ. महाराजांनी स्वतः बोटं लावून खालचा थर मोजला.

"सात! पाणी तर दोनच बोटं होतं!"

"मग वरची पाच बोटं कुठून आली, सरकार?"

"दहात पाच?" महाराज ओरडले.

"अहो, पण अर्क उत्तमच आहे!" दिवाणांना घाम फुटला. "आपल्या मातीतला!"

"ऊस माझ्या माहेरीही आहे," कौतिका म्हणाली. "दोन सांगून दोनच घातले असते, तर मी बरणी कशाला आणली असती? आणि इतका उत्तम, तर दिवाणसाहेबांच्या मोटारीला परमुलखातून निव्वळ पेट्रोलचे डबे का येतात?"

दरबारी आता महाराजांचं तोंड बघू लागले.

"शाब्बास, पोरी! अर्क वेगळा काढलास!"

"अर्धंच काम झालं, सरकार. बरणीतला अर्क मी काढला. दरबारातला आपण काढा!"

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. दिवाणगिरी तिथेच गेली आणि दिवाणांची मोटार, डब्यांसकट, कौतिकाला मिळाली. पहिल्या दिवाळसणाला तुळाजी तिला त्याच मोटारीतून माहेरी घेऊन गेला. वाटेत ती एकदाही बंद पडली नाही!