पेद्रा लिझाचे मुके मैदान

फार वर्षांपूर्वी, फुटबॉल हा खेळ बोटीतून ब्राझीलच्या किनाऱ्यावर नुकताच उतरला होता आणि त्याच्या अंगावरचे परदेशी कपडे अजून वाळलेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. ऐकणाऱ्याने उच्चारांकडे नीट लक्ष द्यावे. या गोष्टीतला सारा अनर्थ एका स्वराने केला आहे.

पेद्रा लिझा म्हणजे गुळगुळीत दगड. नदीकाठच्या ज्या प्रचंड खडकावर धोबिणी कपडे आपटत, त्यावरूनच गावाला हे नाव पडले. त्या धोबिणींत युफ्राझिया नावाची एक काळी, उंच विधवा होती. तिची आई गुलामगिरीत जन्मली होती. ती स्वतः स्वतंत्र होती, आणि त्या स्वातंत्र्यात सूतगिरणीच्या मालकांचे कपडे धूत होती. तिला झेफेरिनो नावाचा एकुलता एक मुलगा होता. धुतलेल्या कपड्यांचे गाठोडे ती त्याच्या डोक्यावर ठेवी आणि म्हणे, "लेव्ही!" त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'घेऊन जा'. तो शब्द कानी पडताच मुलगा धावत सुटे. चढ असो वा चिखल, त्याने गाठोड्याला कधी हात लावला नाही आणि ते कधी पडले नाही. एकदा वाटेत बैल उधळला, तेव्हा गाठोड्यासकट तो त्या बैलावरून उडी मारून गेला, असे म्हणतात.

गिरणीमालकांचा मुलगा ओतावियो इंग्लंडमध्ये शिकून परतला तो चामड्याचा चेंडू घेऊनच. त्याने क्लब काढला, कुंपण घातले, श्रीमंतांसाठी खुर्च्या मांडल्या. मैदानावर हाका इंग्रजीतच मारायच्या, असा क्लबचा दंडक होता. घरची पोर्तुगीज भाषा तिथे गावंढळ ठरे. एके दिवशी झेफेरिनो कपडे पोहोचवायला आला असता चेंडू त्याच्याकडे उडाला. त्याने तो गाठोड्यासारखा डोक्यावर झेलला आणि तसाच मैदानभर धावला. कोणालाही तो त्याच्याकडून काढून घेता आला नाही.

"याला संघात घेऊ, बाबा," ओतावियो म्हणाला.

"धोबिणीच्या पोराला? म्हणजे जर्सी यानं घालायची आणि धुवायची याच्या आईनं?"

"बरंच आहे की! घामाचा वास घरातल्या घरात राहील."

सगळे हसले. झेफेरिनोही हसला, कारण चेंडू अजून त्याच्या डोक्यावर होता.

लोक त्याला त्रोशा म्हणू लागले. त्या भाषेत कपड्यांच्या गाठोड्याला त्रोशा म्हणतात, आणि कोणीही फसवावे अशा खुळ्यालाही. काही वर्षे गावाने पहिलाच अर्थ घेतला. तो अनवाणी खेळे; बंदरावरच्या बूट घालणाऱ्या संघांना त्याने एकामागून एक लोळवले. चेंडू डोक्यावर घेऊन तो निघाला की वाराही त्याला वाट देई, असे म्हणतात. खेळाचे सारे त्याला आले. इंग्रजी मात्र त्याला कोणीच शिकवली नाही. तो हाका ऐकतच नसे, नुसता चेंडू पाही.

युफ्राझिया हे सारे कुंपणाच्या फटीतून पाहत असे. मुख्य फाटकातून आत येण्याची परवानगी तिलाही नव्हती आणि तिच्या मुलालाही. तो मागच्या दाराने येई आणि मागच्या दाराने जाई. अखेर प्रांताच्या चषकाचा सामना ठरला, तेव्हा मालकांनी सर्वांदेखत शब्द दिला: चषक मिळाला, तर झेफेरिनो क्लबचा सभासद होईल आणि त्याच्या आईला प्रेक्षकांत खुर्ची मिळेल. त्या आठवड्यात युफ्राझियाने आपल्या एकमेव पांढऱ्या झग्याला इतकी खळ दिली, की तो झगा जमिनीवर स्वतःच्याच आधाराने उभा राहिला, असे म्हणतात.

सामना संपत आला होता. बरोबरी टिकली असती, तरी चषक पेद्रा लिझाचाच होता. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू उंच मारला. झेफेरिनो आपल्या गोलसमोर उभा होता. गोलरक्षक ओतावियो चेंडू पकडण्यासाठी पुढे धावला आणि क्लबच्या नियमाप्रमाणे इंग्रजीत ओरडला, "लीव्ह इट!" म्हणजे 'सोडून दे'.

त्या कल्लोळात झेफेरिनोच्या कानांवर आईचा शब्द पडला. लेव्ही. घेऊन जा.

त्याने उडी मारली. चेंडू त्याच्या माथ्याला लागून ओतावियोच्या डोक्यावरून मागे गेला आणि रिकाम्या गोलात शिरला.

"विकला गेला! चोर!" खुर्च्यांतून कोणीतरी ओरडले, आणि मग सारे गाव तेच ओरडू लागले. त्रोशा या नावाचा दुसरा अर्थ त्या दिवशी सर्वांना एकदम आठवला. त्याच्या अंगावरची जर्सी तिथेच उतरवून घेण्यात आली. "घेऊन जा म्हणाले, म्हणून घेतला," एवढेच तो पुन्हापुन्हा सांगत राहिला.

संध्याकाळी युफ्राझिया तो पांढरा झगा घालून मुख्य फाटकाशी गेली. "मालक, दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात हो. लहानपणापासून मीच त्याला..."

"आता धोबीण आम्हाला इंग्रजी शिकवणार?" मालक म्हणाले. ओतावियो त्यांच्या मागेच उभा होता. शब्दांची ती गल्लत त्याला कळली होती, असे म्हणतात. त्याने फाटक लावून घेतले.

त्यानंतर झेफेरिनो मालवाहू नावेवर चढून निघून गेला. दूरच्या गावांत तो निरनिराळ्या नावांनी खेळला. परंतु कोणी हाक मारली, की तो जागच्या जागी थिजे, आणि असा खेळाडू कोण ठेवून घेणार? गुडघा मोडून तो परतला, तेव्हा युफ्राझिया म्हातारी झाली होती आणि त्याच क्लबच्या जर्सी धूत होती. तिने त्याला जेवू घातले. गाठोडे मात्र ती त्याच्या हाती मुकाट्याने देई. तो शब्द तिने पुन्हा तोंडातून काढला नाही.

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. खडकावर ठेवलेले जर्सींचे गाठोडे पाण्याने उचलले. झेफेरिनो लंगडत पाण्यात उतरला.

"सोड रे, जाऊ दे ते!" युफ्राझिया किंचाळली.

त्याने वळून पाहिले. "घरात एक चोर पुरे झाला, आई."

त्याने गाठोडे गाठले आणि डोक्यावर घेतले. प्रवाह त्याला ओढत गेला. आधी त्याचे खांदे दिसेनासे झाले, मग चेहरा. गाठोडे मात्र नदीच्या वळणापर्यंत पाण्याच्या वर ताठ दिसत होते, आणि खालच्या गावात ते किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यातली एकही जर्सी भिजलेली नव्हती, असे म्हणतात. झेफेरिनो सापडला नाही. क्लबने जर्सी मोजून परत घेतल्या.

तो क्लब कधीच बुडाला, मैदान उरले. पेद्रा लिझात आजही सामना खेळताना कोणी हाक मारत नाही. गोलरक्षक नुसता हात उंचावतो आणि तो दिसेपर्यंत बाकीचे थांबतात. त्यामुळे ते वरचेवर हरतात. बाहेरगावचे संघ त्यांना मुके म्हणून चिडवतात, आणि ते चिडत नाहीत. नदीवरच्या बायकाही ओझे एकमेकींना न बोलता देतात.

ज्यासाठी गाव मुके झाले, असा कोणता शब्द आहे, असे एखाद्या परक्याने विचारले, तर कोणी तो उच्चारत नाही. म्हाताऱ्या बायका गाठोडे द्यावे तसे दोन्ही हात पुढे करतात आणि थोडा वेळ तसेच धरून ठेवतात. मग ते रिकामेच खाली घेतात.