टिटवीचं अंडं आणि मोरांचा क्लब

माळावर गोल्फचं मैदान झालं, त्या काळची गोष्ट. माणसांचं पाहून मोरांनीही हिरवळीवर आपला क्लब काढला. चेंडू पडेल तिथूनच खेळायचा, उचलायचा नाही, हा माणसांचा नियम त्यांना फार आवडला. मग मोरांनीही ठरवलं, पडेल ते उचलायचं नाही, गळलेलं पीससुद्धा.

टिटवीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर अंडी घालत आलेलं. यंदा तिनं एकच अंडं घातलं, तेही नेमकं हिरवळीवर. अध्यक्ष मोर तरातरा आला.

"सभासद आहेस? दोन सभासदांची शिफारस? नाही ना? मग उचल ते अंडं!"

टिटवी जागची हलली नाही.

"अध्यक्षमहाराज, तुमचं गळलेलं पीस कुणी उचलतं का?"

"छे! पडेल तिथंच राहणार. रिवाज आहे आमचा!"

"मग अंडंही इथंच राहील."

रिवाज बदलायला मोरांनी सभा भरवली आणि तिथं आपसातच जुंपली. दिवसामागून दिवस गेले. चेंडू डोक्यावरून सूं सूं जात होते, तरी टिटवी उठली नाही.

सभा संपण्याआधीच अंडं फुटलं. पिल्लू हिरवळीवर तुरुतुरु धावलं आणि भांडणारे मोर बघून थबकलं.

"आई, हे पाहुणे कधी जाणार गं?"