अस्वलीणबाईंच्या नोंदीबाबत

विषय : पाणवठा चालू ठेवण्यासाठी अस्वलीणबाईंनी केलेला अर्ज.

फार पूर्वी मी, म्हणजे साळिंदर, राखीव जंगलाच्या माहिती कक्षात कारकून होतो. वहीत ज्यांची नोंद, त्यांच्याच भागातला पाणवठा उन्हाळ्यात भरला जाई. वहीत अस्वले शून्य होती.

एके दिवशी अस्वलीण दोन पिलांसह समोर उभी राहिली.

"साळिंदरभाऊ, आम्हाला लिहून घ्या. पाणी संपत आलंय."

"पायाचे ठसे आणलेत?"

"अहो, पायच आणलेत की!"

"अर्जाच्या नमुन्यात ठसे लिहिलंय, बाई."

तिने तिथेच धुळीत पाय उमटवले. मी ते मापून सुवाच्य अक्षरात उतरवले आणि सहीसाठी पाठीचा काटा उपसला. तेवढ्यात नमुन्याखालची नवी तळटीप दिसली : सही करणाऱ्याची स्वतःची नोंद वहीत असावी. वीस वर्षांत मी मुंगसांपासून मोरांपर्यंत सगळे मोजले होते. साळिंदरेही शून्यच होती.

"मग स्वतःला लिहा ना!" अस्वलीण ओरडली.

मी तसा रीतसर अर्ज केला. त्यावर नोंद असलेल्या साळिंदराची सही लागते.

पाणवठा आटला. अस्वलीण पिलांना घेऊन डोंगरापलीकडे गेली. तिचा अर्ज माझ्या सहीसाठी आणि माझा अर्ज दुसऱ्या साळिंदराच्या सहीसाठी अद्याप प्रलंबित आहे.