अलिमाराच्या किनाऱ्यावर नाव का विचारतात

भूमध्य समुद्रातल्या एका ग्रीक बेटावर अलिमारा नावाचे लहानसे गाव आहे. उन्हाळा लागला की तिथल्या पांढऱ्या घरांच्या गच्च्यांवर परगावच्या पाहुण्यांचे टॉवेल वाळू लागतात. सुटीला आलेला माणूस पहिल्यांदा पोहायला निघाला, की झाडाच्या सावलीत विणत बसलेली एखादी म्हातारी हात वर करून त्याला थांबवते. "नाव काय तुझं?" ती विचारते. नाव सांगितल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाही. काहींना गंमत वाटते, काहींना राग येतो. मग खानावळवाले स्तामाती आजोबा संध्याकाळी तळलेल्या मासळीची ताटली पुढे ठेवतात आणि ही हकिकत सांगतात. सांगताना ते हसत नाहीत.

फार पूर्वी, गावात हॉटेल तर सोडाच, धड धक्काही नव्हता, तेव्हा इथे कालिरोई नावाची एक विधवा राहत होती. नवरा समुद्रानेच नेलेला, पोटी मूल नाही. एका उन्हाळ्यात मिठाच्या होडीतून एक तरुण बाई उतरली आणि समुद्रस्नानासाठी चार दिवस राहायला जागा मागू लागली. हवापालटासाठी गावात आलेली ती पहिलीच पाहुणी, असे सांगतात. कालिरोईने तिला आपली माडीवरची खोली दिली.

पाहुण्याला आधी जेवू घालावे, आणि त्याने आपणहून सांगेपर्यंत नाव विचारू नये, अशी त्या वेळची रीत होती. कालिरोईने ती पाळली. पाहुणीनेही नाव सांगितले नाही. घरात काहीतरी बिनसले होते, एवढेच एकदा तिच्या बोलण्यात आले. पण दोघींचे सूत जमले. सकाळी गच्चीवर बसून त्या अंजिरे वाळत घालत. कालिरोई तिला 'पोरी' म्हणे. वर्षानुवर्षे मुक्या पडलेल्या त्या घरात पुन्हा कुणीतरी गुणगुणू लागले होते. चार दिवसांचा मुक्काम लांबत गेला, आणि तो कधी संपूच नये असे कालिरोईला वाटू लागले. आज ना उद्या ती सांगेलच नाव, घाई कशाला, असे ती मनाशी म्हणे.

दुपारी वारा फिरला की इथल्या खाडीतले पाणी बाहेर ओढ घेते. गावातल्यांना ते ठाऊक. त्या दिवशी पाहुणी नेहमीपेक्षा उशिरा पाण्यात उतरली आणि आपल्याच नादात पुढे पुढे पोहत राहिली. कालिरोईने गच्चीवरून पाण्याचा रंग बदललेला पाहिला. ती तशीच अनवाणी धावत खाली आली आणि जीव खाऊन ओरडली, "पोरी! अगं ए पोरी, मागे फीर!"

किनाऱ्यावर मीठ गोळा करणाऱ्या सगळ्या मुलींनी चमकून वर पाहिले. पाण्यातल्या पाहुणीनेही एकदा मान वळवली. तिला त्या मुली दिसल्या. हाक त्यांच्यासाठीच असेल असे तिला वाटले असावे. ती पुन्हा पोहू लागली. कालिरोई ओरडत राहिली, पण हाक मारायला तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. कोळ्यांनी होडी लोटली तोवर फार उशीर झाला होता.

सकाळी ती खडकांपाशी सापडली. दफनाच्या वेळी पाद्री थांबला. "हिचं नाव काय? नावाशिवाय देवाकडे कुणासाठी मागू मी?"

तेव्हा कालिरोई पुढे झाली. "माझं घ्या."

"मेलेल्याला दिलेलं नाव परत घेता येत नाही, बाई."

"मला तरी आता कोण हाक मारतंय?"

म्हणून पाहुणीच्या दगडावर 'कालिरोई' कोरले गेले. त्या दिवसापासून गावात कुणी कालिरोईला त्या नावाने हाक मारली नाही, आणि कुणी चुकून मारलीच तर ती ओ देत नसे.

पुढच्या वसंतात एक थकलेला म्हातारा होडीतून आला. हरवलेल्या लेकीला शोधत तो बेटामागून बेट पालथे घालत होता. किनाऱ्यावर जाळे विणणाऱ्या कोळ्याला त्याने तिचे नाव सांगितले. कोळी म्हणाला, "या नावाची कुणी आली नाही, बाबा. एक परकी मुलगी बुडाली खरी. वर टेकडीवर पुरलंय तिला."

म्हातारा टेकडी चढला. दगडावरचे नाव त्याने वाचले, पुन्हा वाचले. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "ती दुसरीच कुणी आहे," तो म्हणाला. "माझी लेक जिवंत आहे." कोळ्याचा हात हातात घेऊन तो रडला, आणि त्याच होडीतून पुढच्या बेटाकडे निघून गेला.

दगडावरचे नाव कुणाचे हे कोळ्याच्या ध्यानात आले तोवर शीड लांब गेले होते. कालिरोई अंजिराच्या बागेतून धावत आली. सगळे ऐकून ती खाली वाळूत बसली.

"काय नाव सांगितलं त्यानं?"

कोळ्याने डोके धरले. "फ... की थ... आठवत नाही गं. देवाशप्पथ आठवत नाही."

आपण दिलेल्या नावानेच मुलीला तिच्या बापापासून झाकून टाकले, हे तिला कळले. तो आशेवर जगेल याचे समाधान मानावे, की तो शोधतच मरेल याचे दुःख करावे, हे मात्र तिला शेवटपर्यंत ठरवता आले नाही, म्हणे. दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्यावर जाऊन बसली आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारू लागली. डोळे गेले तरी तिने ती जागा सोडली नाही. ती गेल्यावर शेजारीण तिथे बसली, पुढे शेजारणीची सून.

आजही अलिमारात दुपारी वारा फिरला, की झाडाखालच्या म्हाताऱ्या विणकाम बाजूला ठेवून उठतात आणि पाण्याशी जाऊन एकेकाला हाका मारू लागतात. परक्या देशांतली नावे त्यांच्या तोंडी वेडीवाकडी होतात. पण लांब पाण्यात कुणीतरी पोहायचे थांबते, वळून किनाऱ्याकडे पाहते आणि हात हलवते.