आमसुली रंगाच्या दोन लडी

डोंगराच्या कुशीतल्या एका थंड गावात एक बाई राहत होती. तिला आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं, निदान ती तसं सांगत असे. नारळ घेताना ती तो एका कानाशी हलवून पाही, मग दुसऱ्या कानाशी हलवून पाही, आणि तरीही दुकानदाराला तो फोडून दाखवायला लावी. भाजीवाली ‘ताजी आहे’ म्हणाली की भाजी कालची आणि ‘कालची आहे’ म्हणाली की परवाची, हे तिच्या लेखी ठरलेलं. गावात तिला पारखीबाई म्हणत. ते कौतुकाने म्हणतात, अशी तिची समजूत होती.

तिच्या लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि बघता बघता दिवाळी जवळ आली. पहिला दिवाळसण! त्या भागात एक रीत होती. पहिल्या दिवाळीला सासूने जावयाला स्वतः विणलेला स्वेटर द्यायचा आणि जावयाने तो अंगात घालूनच घरी परतायचं. तिकडच्या बायका त्याला पाणी विचारायच्या आधी त्या स्वेटरचे टाके तपासत. टाके बिघडलेले दिसले, तर सुनेला वर्षभर टोमणे ऐकावे लागत. म्हणून एरवी कशालाही न घाबरणारी पारखीबाई या स्वेटरला मात्र घाबरून होती.

बाजारात लोकरीचं एकच दुकान होतं. ते एक म्हातारी मावशी चालवायची. ती भाव सांगायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायची, “कोणासाठी?”

“जावयासाठी,” पारखीबाई म्हणाली. तिने आमसुली रंगाची लोकर निवडली, उजेडात नेऊन पाहिली, ओढून पाहिली, हुंगूनही पाहिली.

“अंगाने कसे आहेत?”

“चांगले उंच आहेत. आमच्या दारातून वाकून यावं लागतं त्यांना.”

“मग आठ लडी न्या.”

पारखीबाईने मान तिरकी केली. “आमच्या ह्यांच्या स्वेटरला सहा पुरल्या होत्या.”

“तुमचे हे दारातून वाकून येतात का?”

“सहाच द्या.”

मावशीने हातातलं विणकाम खाली ठेवलं. “बाई, ही लोकर एका हंड्यात रंगवलेली आहे. पुढच्या हंड्याला हाच रंग चढेल, असं खुद्द रंगारीही सांगू शकत नाही. आठ न्या. उरल्या तर आणून द्या, मी परत घेईन.”

परत घेईन म्हणते, म्हणजे नक्कीच काहीतरी गोम आहे, असं पारखीबाईला वाटलं. ती सहा लडी घेऊन निघाली. आपण दोन लडींचा फास चुकवला, या आनंदात ती घरापर्यंत गुणगुणत गेली.

स्वेटर सुरेख जमत गेला. पाठ झाली, छाती झाली, एक बाही झाली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. पारखीबाईने टोपली उलटी केली, गोधडी झटकली, मांजरावरही संशय घेतला. लोकर नव्हतीच.

दिवाळी तोंडावर आली होती. पण मावशीकडे परत जायचं म्हणजे चूक कबूल करायची. त्यापेक्षा तिने डोंगर उतरून खालच्या गावचा आठवडी बाजार गाठला. तिथे एका पालाच्या सावलीत तिला आमसुली लोकर मिळाली, अगदी हुबेहूब. तिने घरी येऊन, चुलीजवळ बसून बाही पुरी केली आणि सकाळी स्वेटर अंगणात उन्हात पसरला.

शेजारीण पाणी घेऊन चालली होती. ती थबकली. “अगं बाई, जावयांचा हात भाजलाय की काय?”

उन्हात सगळंच उघडं पडलं होतं. कोपराच्या वर एक रंग आणि खाली दुसराच, जणू कोणी आमसुलाच्या सारात हात बुडवून काढलाय. त्या बाहीवरून फिरणारी लेकीच्या सासूची बोटं पारखीबाईला दिसायला लागली आणि तिला रडू आलं. तिने डोळे पुसले, नवी लोकर उसवली आणि अर्धवट स्वेटर पदराखाली घेऊन मावशीचं दुकान गाठलं.

दुकानात पाटलीणबाई आधीच आल्या होत्या आणि आवाज चढवून बोलत होत्या. वर आढ्याला एक लहानसं गाठोडं टांगलेलं होतं आणि त्यातून आमसुली लोकर डोकावत होती.

“ती लोकर मला का देत नाहीस? मागशील तो भाव देते.”

“ती दुसऱ्या कोणाची आहे,” मावशी सुया थांबवत म्हणाली. “एकीने लडी कमी नेल्यात. तिची बाही अडणार आहे.”

“कोण ती? नाव तरी कळू दे गावाला.”

पारखीबाई दारातच थांबली. मावशीने तिला पाहिलं होतं. पण ती नजर खाली घालून पुन्हा विणायला लागली. “नाव कशाला हवं? ती आली नाही, तर दिवाळीनंतर तुम्हीच न्या.”

आता गप्प राहिलं तर अब्रू वाचणार होती. पाटलीणबाई गेल्यावर हळूच मागताही आलं असतं. पण आपलं नाव झाकायला ही म्हातारी पाटलिणीचा राग ओढवून घेतेय, हे पाहून पारखीबाईला स्वतःचीच लाज वाटली.

“माझ्या आहेत त्या,” ती पुढे होऊन म्हणाली आणि अर्धी बाही दोघींसमोर धरली. “मावशीने आठ सांगितल्या होत्या. मला वाटलं, माझ्या गळ्यात मारतेय.”

पाटलीणबाईंना लोकरीपेक्षा चांगलं काहीतरी मिळालं होतं. त्या ते सांगायला लगबगीने निघून गेल्या.

मावशीने काठीने गाठोडं खाली काढलं. त्यात दोन लडी होत्या.

“मी तर नको म्हटलं होतं,” पारखीबाई म्हणाली.

“म्हणून तर ठेवल्या. ऐकणारी बाई सगळ्या घेऊन जाते, तिच्यासाठी ठेवायला लागत नाही.”

“आणि मी आलेच नसते तर?”

“पाटलिणीच्या कानटोप्या झाल्या असत्या. भाव तोच आहे, जा, लवकर पुरा करा.”

जावई दिवाळीला आला, वाकून दारातून आत आला आणि नवा स्वेटर घालून परत गेला. बाही मनगटापर्यंत पुरली, रंगात कुठे फरक दिसला नाही. लेकीचा निरोप आला की सासूबाईंनी दोन्ही बाह्या उन्हात धरून पाहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या घरात न बोलणं हीच मोठी शाबासकी होती.

पुढच्या हिवाळ्यात पारखीबाई दुकानात बसलेली असताना एक नवी नवरी लोकर घ्यायला आली. मावशीने पाच लडी सांगितल्या, ती तीनवर अडून बसली.

“घे गं, सांगताहेत तेवढ्या घे,” पारखीबाई कळवळून म्हणाली. “फसवायच्या नाहीत त्या.”

नवरीने मान तिरकी करून दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. या दोघी सामील आहेत, हे तिच्या लगेच लक्षात आलं. ती तीन लडी घेऊन ताठ मानेने निघून गेली.

पारखीबाईने कोपऱ्यातली काठी उचलली आणि उरलेल्या दोन लडी स्वतःच गाठोड्यात बांधून आढ्याला टांगल्या.

तात्पर्य: फसू नये म्हणून जपावं, पण जग आपल्याला फसवायलाच बसलंय असं धरून चालणाऱ्याला फसवायला दुसरं कोणी लागत नाही. आणि असा कोणी भेटलाच, तर त्याच्यासाठी थोडं बाजूला काढून ठेवावं.