पाय मुडपून बसलेली हरणी

आभाळात तारे नुकतेच आपापल्या जागी बसले होते, तेव्हाची गोष्ट. चार ताऱ्यांच्या चार पायांवर एक हरणी उभी होती आणि मागे व्याध धनुष्य घेऊन टपलेला. त्यातला एक पाय म्हणजे तांबडी. अंगाने एवढी मोठी, की खंडीभर सूर्य तिच्या ओटीत मावावेत. ती कधी फुलून लालबुंद दिसे, तर कधी धुळीचा उसासा टाकून मंद होई.

ती मंदावली की व्याध हसायचा, "काय गं तांबडे, हरणी लंगडली! आता सुटतोच माझा बाण."

शेजारचा निळा पाय म्हणाला, "तांबूताई, हे उसासे टाकणं थांबव. तुझ्यापायी सगळ्यांचा जीव जाईल."

तांबडीने श्वास कोंडला. ती एकसारखी चमकू लागली. पण तिच्या उसाशांतून उडणाऱ्या धुळीवरच खाली इवले तारे वाढत होते. ते रडू लागले, "आई, भूक लागली."

तिने व्याधाकडे पाहिलं, मग पिलांकडे, आणि भरभरून श्वास सोडला. धुळीने तिचंच तोंड झाकलं.

"लंगडी!" म्हणत व्याधाने दोरी ताणली.

"लंगडी नाही रे," तांबडी ठसक्यात म्हणाली. "पाय मुडपून बसलीय. पिलांना पाजतेय. मार, मारायचं तर!"

पाजणाऱ्या हरणीवर बाण सोडायचा नाही, हा शिकाऱ्यांचा नेम. व्याधाचा हात खाली आला.

तांबडी आजही अधूनमधून मंदावते. तेव्हा निळा सगळ्यांना ऐटीत सांगतो, "गलका करू नका, आमची ताई पाजायला बसलीय."